लंडनच्या दुनळीचा दाखला

नाव : आकाराम बाबू सुतार. वय : वर्षे बासष्ट पूर्ण. राहणार : कळंबा, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. व्यवसाय : परवानाधारक शस्त्रांची दुरुस्ती, उद्यमनगर येथील गाळ्यात. उंची : पाच फूट तीन इंच. वर्ण : गव्हाळ. बांधा : मध्यम. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जुना व्रण. अर्जदार शांत स्वभावाचा व (चहा वगळता) निर्व्यसनी असून त्याच्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही. अर्जदाराने आजवर केलेल्या कामामुळे कोणाही व्यक्तीस इजा, नुकसान अथवा गैरसोय झाल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. सबब परवान्याचे नूतनीकरण करण्यास हरकत नसावी.

हे वर्णन दर नूतनीकरणाला मागच्या कागदावरून पुढच्या कागदावर जसंच्या तसं उतरतं. वयाचा आकडा तेवढा बदलतो. उंचीही आता अर्धा इंच कमी झाली असेल, पण ती मोजायला टेप घेऊन उठावं लागतं. आकाराम सुतारांचा मुख्य गुण मात्र या वर्णनात कुठेच येत नाही, कारण छापील अर्जात त्याला रकाना नाही. तो गुण म्हणजे संशय.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याला संशय लागतोच. समोर आलेली बंदूक भरलेली आहे असं धरून चालायचं, आणि मालक ‘रिकामी हाय’ म्हणाला की नक्की भरलेली आहे असं धरायचं. आकाराम हा नियम गाळ्याचं शटर ओढल्यावरही पाळत. एक डोळा मिटून नळीतून बघायची सवय चाळीस वर्षांत इतकी अंगवळणी पडली होती की भाजीवाल्याच्या काट्याकडे, औषधाच्या बाटलीकडे आणि मुलीला बघायला आलेल्या मुलाकडेही त्यांनी एकच डोळा उघडा ठेवून बघितलं. तो मुलगा, म्हणजे आताचा जावई, सासऱ्यांनी आपल्याला डोळा मारला असं बरीच वर्षं समजत होता. त्यांच्या बायकोचं, चिमणाबाईंचं, म्हणणं असं, की लग्नात मधे अंतरपाट होता म्हणून निभावलं. “न्हायतर मलाबी उजेडाला धरून बघितलं असतं ह्यांनी.”

कुठल्याही बंदुकीवर त्यांचा अभिप्राय ठरलेला असे. बरी असली तर ‘चालंल’. नसली तर ‘कुणी दिली तुमाला?’ ‘चांगली हाय’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस जिल्ह्यात नव्हता. त्यामुळेच कुणाला जुनी बंदूक घ्यायची असली की ती आधी उद्यमनगरात येई. आजूबाजूला लेथ मशीनची घरघर, समोर वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि मधे नऊ बाय बाराच्या गाळ्यात स्टुलावर बसलेले आकाराम. त्यांनी ‘चालंल’ म्हटलं की घेणारा पेढे आणायचा. त्यांचा शब्द चुकला असं कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. बाकी गर्व करण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी गाळ्यासमोर दोन गाड्या थांबल्या. पहिलीतून धैर्यशील चौगुले उतरले. यांची फाउंड्री आहे, आवाजही तिथेच घडवलेला. मागोमाग त्यांची मुलगी तेजस्वी. बावीस वर्षांची. मशीनमधून हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या छर्र्याच्या बंदुकीनं फोडायच्या, या ‘ट्रॅप’ नावाच्या खेळात ती राज्याच्या संघात शिरायच्या बेतात होती. दुसऱ्या गाडीतून अमरसिंह उतरले. पेठ वडगावच्या बाजूच्या एका जुन्या सरदार घराण्यातले. सरदारकी गेली, पण पायरी उतरताना कुणीतरी हात द्यावा म्हणून थांबायची सवय राहिली. त्यांच्या हातात चामड्याची लांबट पेटी होती.

“तात्या, ईस मिंटाचं काम हाय,” धैर्यशील म्हणाले. “बघा आन सांगा. चोवीस लाख म्हणत्यात.”

आकारामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “कशाचं?”

“बंदुकीचं की.”

“किती बंदुका?”

“एकच.”

आकारामांनी ग्लास पुन्हा उचलला. पडायचा धोका आता टळला होता.

अमरसिंहांनी पेटी उघडली. आत मखमलीवर दुनळी निजली होती. नळ्या वेगळ्या, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता वेगळा, आणि मधल्या पोलादी भागावर पानवेलीची अशी बारीक नक्षी, की हुपरीतल्या चांदीच्या कारागिरालाही चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावावा लागला असता.

“सुतारसाहेब, अशी बंदूक बनवत नाहीत,” अमरसिंह म्हणाले. “शिवतात. कोट शिवतात तशी. आमचे आजोबा एकोणीसशे पस्तीस साली लंडनला गेले होते. त्या पेढीनं त्यांची मापं घेतली. हाताची लांबी, मान, खांदा. गालाचंसुद्धा माप घेतलं.”

“गालाचं?”

“गालाचं. मग दोन वर्षं थांबायचं. नळ्या करणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, लाकूडवाला वेगळा. प्रत्येकाची उभी हयात त्या एकाच कामात गेलेली. हा दस्ता बघा. दोनशे वर्षांच्या अक्रोडाच्या बुंध्यातला आहे.”

“झाडाचा दाखला हाय काय?” आकारामांनी विचारलं.

अमरसिंह हसले. आकाराम हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेला नव्हता.

“सरकार, माझं एक इचारणं हाय. बंदूक तुमच्या आजोबांच्या गालाची. गाल तर आता न्हाय. मग चोवीस लाख कशाचं?”

“त्येच तर मी म्हणतोय!” धैर्यशील म्हणाले. “पर ही पोरगी ऐकंना. वाड्याला गेलतो तितं खांद्याला लावली आन म्हणती, आण्णा, हीच. क्लबातल्या बंदुकांनी गाल सुजतोय हिचा.”

“मी डावखुरी आहे तात्या,” तेजस्वी म्हणाली. “ट्रॅपच्या बंदुकांचे दस्ते उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, उजव्या खांद्यासाठी. मी डावीकडून लावली की नळी माझ्या नजरेसमोर येतच नाही. मान वाकडी करावी लागते आणि दणका गालावर बसतो. ही पहिली बंदूक, जी उचलली की आपोआप जागेवर येते. डोळे मिटून बघितलं मी.”

“मिटून कसं बघितलंस?”

“अहो, मिटून उचलली आणि मग उघडले.”

परवाना तिला मिळाला होता. पण त्यावरची खरेदीची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि निवड चाचणी त्यानंतर तीन आठवड्यांनी. अमरसिंहांनाही घाई होती. येत्या निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागणार, आणि तिथे ती कशी ठेवतात याची त्यांना कल्पना होती.

“तुमी लिवून द्या,” धैर्यशील म्हणाले. “आकाराम सुतारनं सही करून ‘घ्या’ म्हटलं तर घेतो. न्हायतर न्हाय. मला त्यातलं काय कळतंय? मी बिडाच्या ओतकामाचा माणूस.”

बंदूक रीतसर चिठ्ठी होऊन तपासणीसाठी गाळ्यात राहिली. तीन दिवसांनी, शुक्रवारी, सगळ्यांनी पुन्हा यायचं ठरलं.

पहिला दिवस आकारामांनी लोखंडावर घालवला. नळ्या दोऱ्यानं टांगून नखानं टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला आणि रेंगाळला. ट्यूबलाइटकडे धरून आतून बघितल्या. पोचा नाही, गंज नाही. नळ्या आणि पाठीमागचा भाग यांच्या मधे सिगारेटचा पातळ कागद सरकवून बंदूक बंद केली. कागद कापला गेला. नव्वद वर्षांच्या सांध्यात कागदाला जागा नव्हती. दोन्ही घोडे सारख्याच दाबाला पडत होते. संध्याकाळपर्यंत आकारामांची चिडचिड होऊ लागली. दोष नाही ही त्यांच्या लेखी फार मोठी संशयाची जागा होती. शटर ओढताना त्यांच्या ओठांवर ‘चांगली हाय’ आलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यांनी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी लाकडाकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथे दस्त्याच्या मानेला, म्हणजे पंजानं पकडतो त्या अरुंद भागाला, सुतळी आवळून नंबराची चिठ्ठी बांधतात आणि गाठीवर लाखेचा ठिपका देतात. मग लोकसभा असो, विधानसभा असो की जिल्हा परिषद, निकाल लागेपर्यंत बंदुका मोळीसारख्या उभ्या. दर वेळी सुतळी थोडं पॉलिश खाते. लाखेचे कण पकडीच्या कोरलेल्या जाळीत जाऊन बसतात आणि कुठल्याच ब्रशनं निघत नाहीत. जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या बंदुकीची मान बघून आकाराम तिनं किती निवडणुका बघितल्या ते सांगत. कोण निवडून आलं होतं तेवढं सांगता यायचं नाही.

या बंदुकीची मान त्यांनी भिंगातून बघितली. सुतळीचा पट्टा होता, लाखही होती, पण बेतानं. नव्वद वर्षांच्या बंदुकीची मान स्वातंत्र्यापासूनच्या सगळ्या निवडणुकांनी काळी पडायला हवी. ही तपकिरीच होती. आकारामांनी मनात मोजदाद केली, पुन्हा केली. पंचाण्णव सालच्या विधानसभेच्या आधीची एकही निवडणूक या लाकडानं बघितलेली नव्हती.

म्हणजे लोखंड पस्तीस सालचं आणि लाकूड चौऱ्याण्णवच्या आसपासचं.

आकारामांना बरं वाटलं. दोष सापडला. दोनशे वर्षांचा बुंधा, लंडनचा लाकूडवाला, गालाचं माप, सगळं एका सुतळीत अडकलं होतं. आता प्रश्न एवढाच, की हे केलं कुणी? कारण काम फार सुरेख होतं. जाळीची रेघ कुठे तुटलेली नव्हती. जिल्ह्यात असं काम करणारा माणूस होता आणि आपल्याला माहीत नाही, या विचारानं त्यांना दोषापेक्षा जास्त त्रास झाला.

त्यांनी दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकते ती पट्टी काढली. दोन स्क्रू. पट्टीखाली कच्चं लाकूड होतं, आणि त्यात एका कोपऱ्याला रुपयाएवढा गोल ठोकळा बसवून बुजवलेलं भोक.

आकाराम स्टुलावर बसले. मग उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि पुन्हा बसले.

ते भोक पलंगाचं होतं.

चौऱ्याण्णव साली आकाराम तिशीत होते आणि शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात दिनकर मिस्त्री नावाच्या कारागिराच्या हाताखाली लाकूडकाम करत. मिस्त्री त्यांच्याहून संशयी. दिवाळीच्या आधी एक मोडका दस्ता आला. जीपच्या मागच्या फळक्यात सापडून मानेपासून दोन तुकडे झालेला. बंदूक कुणाची हे मिस्त्रींनी सांगितलं नाही, लोखंड तर दाखवलंच नाही. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. “लोखंड बघितलं की माणसाची नजर फिरती,” म्हणाले. अक्रोडाचं लाकूड मिळेना, तेव्हा लिलावातून आणलेल्या जुन्या विलायती पलंगाची उशाकडची फळी आकारामांपुढे टाकली. लोखंडात बसणारं डोकं मी करतो, म्हणाले, पाठीमागचा सगळा आकार तू काढ. पलंगाच्या बोल्टचं भोक चुकवता येईना, म्हणून आकारामांनी ते टोकाला घेतलं आणि ठोकळा मारून पट्टीखाली झाकलं.

आणि मिस्त्री आणखी एक गोष्ट बोलले होते. “ही साधी बंदूक न्हाय. खांद्याला लावून लावून तासायची. डोळं मिटून वर घेतली की नळी नजरेम्होरं आली पायजे.”

आकारामांनी नळीच्या जागी लाकडी दांडा लावून आठ दिवस तेच केलं. खांद्याला लावायची, बघायचं, तासायचं. मालकाचा खांदा कसला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं सुचलं नव्हतं. कारखान्यातून येणाऱ्या साध्या बंदुकांचे दस्ते सरळसोट असतात; तिथे कुणाच्या खांद्याचा प्रश्नच येत नाही. खांदा लागतो तो फक्त अशा महागड्या बंदुकीला. आणि आकारामांकडे खांदा एकच होता, डावा. आईनं फटके मारून जेवणापुरता उजवा हात शिकवला होता. बाकी सगळं काम डाव्यानं.

त्यांनी दोरा घेतला. नळीच्या तोंडावरच्या नेमाच्या मण्यापासून दोन नळ्यांमधल्या पट्टीवरून दस्त्याच्या टोकापर्यंत ताणला. टोक दोऱ्याच्या डावीकडे पाच मिलिमीटर सरकलेलं होतं. मग त्यांनी बंदूक जोडली, दोन वेळा उघडून रिकामी असल्याची खात्री केली, डोळे मिटले आणि डाव्या खांद्याला लावली.

नळी नजरेसमोर आली. लांबी, उंची, गाल, सगळं बरोबर. साऱ्या जिल्ह्यात चोवीस लाखांची मापानं शिवलेली बंदूक एकच होती आणि ती आकाराम सुतारांच्या मापाची होती.

कळंब्याला घरी जेवताना त्यांनी चिमणाबाईंना सांगितलं.

“मंग?” त्या भाकरी वाढत म्हणाल्या. “सांगितलं न्हाय तर कुणाला कळणार हाय?”

“कुणाला न्हाय.”

“आन सांगितलं तर?”

“सरकारांची किंमत पडणार. पोरीची मुदत सरणार. आन आकाराम सुतारनं दुसऱ्याच्या बंदुकीचं वाटूळं केलं, ह्ये जिल्हाभर हुणार.”

“मग नका सांगू.”

“सही मागत्यात. सुतारनं ‘घ्या’ म्हटलं तर घेणार. त्या सुतारवर मी तर इस्वास ठेवणार न्हाय आता.”

चिमणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती; हा माणूस शेवटी स्वतःकडेच नळीतून बघायला लागला होता. “आमटी घ्या,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी तिघं आले. अमरसिंहांनी पुरावा म्हणून आजोबांचा तसबिरीतला फोटो आणला होता. सहा फुटी माणूस, उजव्या खांद्याला बंदूक. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे आकारामांनी कोटाच्या खिशावरून तपासलं. मग म्हणाले, “लोखंड चांगलं हाय.”

धैर्यशीलांनी मुलीकडे बघितलं. “चांगलं म्हणाले. ऐकलंस?”

“लोखंड म्हणालो,” आकाराम म्हणाले. “लाकूड पलंगाचं हाय. दस्ता मी केलाय.”

सुरुवातीला कुणीच विश्वास ठेवला नाही. अमरसिंहांचा चेहरा थंड झाला. “सुतारसाहेब, किंमत पाडायची असेल तर चौगुल्यांनी मला सरळ सांगावं. तुम्हाला मधे घालायची गरज नव्हती.”

“मी घातलो?” धैर्यशील ओरडले. “अवो, मी तर म्हणतोय ह्यो तुमच्याशी मिळालाय! स्वतःच्या कामाची जाहिरात चाललीया!”

आकारामांना हे आवडलं. दोघंही योग्य मार्गानं चालले होते. त्यांनी पट्टी काढून ठोकळा दाखवला.

“भोक कुठल्याही लाकडाला असू शकतं,” अमरसिंह म्हणाले.

आकाराम उठले. भिंतीवर तेलाच्या बाटल्यांची फळी होती. बाटल्या खाली उतरवल्या, खिळे उपसले आणि फळी टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी उरलेला तुकडा त्यांना देऊन टाकला होता. तीस वर्षं त्याच्यावर तेल सांडत होतं. फडक्यानं एक टोक पुसून दस्त्याला भिडवलं. गडद रेषा फळीतून निघाल्या आणि दस्त्यात गेल्या, वाटेत कुठे अडखळल्या नाहीत. फळीच्या दुसऱ्या टोकाला तेवढंच भोक होतं, पण उघडं.

अमरसिंहांनी दोन्ही लाकडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

“आन बाक डावीकडं हाय,” आकाराम म्हणाले. “ते माझं चुकलं. मी डावखुरा. माझ्या खांद्याला लावून तासली. उजव्या खांद्याचा माणूस हिच्यानं नेम धरील आन बाजूनं मारील. जन्मभर.”

अमरसिंह खुर्चीत हळूच मागे टेकले. “आबासाहेब,” ते म्हणाले.

“कोण?”

“माझे वडील. क्लबात तबकड्या फोडायचे. पंचविसातल्या बावीस, तेवीस. जीपमध्ये बंदूक मोडली, दुरुस्त होऊन आली, आणि त्यानंतर सात, आठ. त्यांना वाटलं नजर गेली. आधी इथं दाखवलं, मग पुण्याला. चष्मे बदलले. डॉक्टर म्हणायचे, डोळ्यांना काही झालेलं नाही; तर हे डॉक्टर बदलायचे. शेवटी बंदूक पेटीत ठेवली. लोकांना सांगायचे, वय झालं. चोपन्न वर्षांचे होते.”

“त्यांचा दोष नव्हता, सरकार,” आकाराम म्हणाले. “माझा खांदा हुता.”

अमरसिंहांनी आजोबांच्या फोटोवरची धूळ पुसली. ती नव्हतीच.

“मी काय म्हणते,” तेजस्वी म्हणाली. तिनं मधल्या वेळात बंदूक जोडून, दोन वेळा उघडून बघून, भिंतीकडे तोंड करून डाव्या खांद्याला लावली होती. “माझी उंची पाच-तीन आहे. तात्या, तुमची?”

“कागदावर तेवढीच हाय.”

“मग मला काय फरक पडतो लाकूड पलंगाचं आहे का कशाचं? बसते ना.”

अमरसिंहांनी रस्त्याकडे बघत अकरा लाख म्हटलं. आणि इथे भलतंच झालं. चोवीस लाखांना तयार असलेले धैर्यशील अकरा ऐकून बिचकले.

“अकरा? एकदम अकरा? मग आनि काय काय हाय हिच्यात? तात्या, नळ्या नीट बघितल्या न्हवं? का त्याबी कुठल्या पलंगाच्या हायत?”

“आण्णा!”

“तू गप गं. चोवीसला मला झोप लागत हुती. लोकास्नी सांगाय यायचं, लंडनची हाय म्हणून. आता काय सांगू? कळंब्याच्या सुताराच्या मापाची हाय?”

“व्हय,” आकाराम म्हणाले. “तसंच सांगा. न्हायतर घेऊ नका. आन दुसऱ्या कुणाला इकली, उजव्या माणसाला, तर मी त्यालाबी ह्येच लिवून देणार.”

धैर्यशीलांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हा माणूस आपल्याला ठकवत असेल तर फार अवघड पद्धतीनं ठकवतोय, असं त्यांच्या मनात आलं असावं. “चहा सांगा,” ते म्हणाले. कोल्हापुरात याचा अर्थ सौदा तुटलेला नाही एवढाच होतो.

चहा येईपर्यंत आकारामांनी दाखला लिहिला. तो असा :

‘सदर दुनळी बारा बोअर बंदुकीचे लोखंडी काम मूळचे असून उत्तम स्थितीत आहे. दस्ता मूळचा नाही. तो सन १९९४ मध्ये खालील सही करणाऱ्याने जुन्या पलंगाच्या फळीतून केला. दस्त्याचा बाक चुकून डावीकडे गेला आहे. उजव्या खांद्याच्या व्यक्तीने ही बंदूक वापरू नये. डावखुऱ्या व सुमारे पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीस चालेल.’

शेवटच्या शब्दावर तेजस्वी म्हणाली, “नुसती ‘चालेल’?”

आकारामांनी उजवा डोळा मिटून कागद पुन्हा वाचला. दुसऱ्या कुणाचा दस्ता असता तर त्यांनी कदाचित एक शब्द बदलला असता. “चालंल,” ते म्हणाले आणि डाव्या हातानं सही केली.

बंदूक महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी तेजस्वीच्या परवान्यावर चढली. निवड चाचणीत ती चौथी आली. संघात तिघी गेल्या. गाल मात्र सुजला नाही. धैर्यशील अजूनही लोकांना लंडनची म्हणूनच सांगतात. किंमत विचारली तर चोवीस आणि अकराच्या मधे कुठेतरी खाकरतात. बातमी ठरल्याप्रमाणे जिल्हाभर झाली. काही लोक बंदुका दाखवायला यायचे बंद झाले. काही नवीन आले; त्यातले दोघं डावखुरे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आकारामांच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. ठाण्यातल्या हवालदारानं मागचा कागद शेजारी ठेवून नवा उतरवला आणि सहीसाठी पुढे केला. आकारामांनी तो एक डोळा मिटून शेवटपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“ह्ये बरोबर न्हाय.”

हवालदारानं वाचलं. “नोंद आढळून येत नाही, असं लिवलंय तात्या. झालंच न्हाय असं कुठं लिवलंय? करा सही.”

सही झाली. अर्जदाराने आजवर केलेल्या कामामुळे कोणाही व्यक्तीस इजा, नुकसान अथवा गैरसोय झाल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. सबब परवान्याचे नूतनीकरण करण्यात येत आहे.

आबासाहेबांचे पाच चष्मे अमरसिंहांच्या कपाटात आहेत.